आजोबांचं ताट

आजोबांच्या जमैकातल्या घरी पहिल्यांदाच आलेल्या नादीनने तळलेल्या माशाचं डोकं चोखून संपवलं, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की अंगणात जमलेल्या नातेवाइकांच्या डॉमिनोजच्या सोंगट्यांचा खडखडाट थांबला आहे.

लंडनहून उपाशीपोटी आलेल्या तिला टेबलावर एकच वाढलेलं ताट दिसलं. ते आपल्यासाठीच राखलंय असं समजून ती बसली. ते होतं आजोबांसाठी. त्यांना जाऊन आज नववा दिवस; त्यांचा आत्मा शेवटचं जेवून निघेपर्यंत त्या ताटाला कुणी हात लावायचा नसतो.

"वाटलंच होतं," सिरिलकाका कडाडले. "बाप घर सोडून पळालेला, लेकीला इथली रीत कुठून कळणार? ही आपली नव्हेच."

नादीनने ताट दूर सारलं. या माणसांनी आपलं म्हणावं, एवढ्यासाठीच तर ती आली होती.

आजी काठी टेकत आली. तिने ताट निरखलं. "डोळेसुद्धा खाल्लेस?"

"आधी डोळेच," नादीन पुटपुटली.

"म्हाताऱ्याने जन्मभर मला एक डोळा दिला नाही," आजी म्हणाली. "मागत बसले, तिथेच चुकले. तुझ्या बापाने एकदा असंच न विचारता त्याच्या ताटातलं डोकं उचललं, त्यावरूनच तर त्याला घर सोडावं लागलं. सिरिल, आणखी कसला पुरावा हवा रे तुला?"

तिने खुर्ची ओढली आणि उरलेला मासा पुढ्यात घेतला.

"आजी, आजोबा आले तर?"

"येऊ दे. सांगेन, जेवायला उशीर करायची खोड मेल्यावर तरी सोड."