कलशावरची लायर

मिरजेच्या दुकानात जुलेखाने शेवटची तार ताणून बांधली आणि ग्रीसहून आलेल्या एलेनीच्या हाती लायर, ग्रीकांची ती छोटी वीणा, दिली. एका प्राचीन ग्रीक कलशावरच्या चित्रावरून जुलेखानेच ती घडवली होती; मूळच्या कासवाच्या पाठीऐवजी तेवढा तंबोऱ्याचा भोपळा लावला होता. या कामावरूनच अब्बांचं तिच्याशी बिनसलं होतं. "पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे केले, आता चित्रातली खेळणी करणार?" एवढं बोलून ते आतल्या खोलीत गेले, ते महिनाभर लेकीशी बोललेच नव्हते.

एलेनीने डोळे मिटून तारा छेडल्या. दुपारच्या उन्हात लाकडाची धूळ तरंगत होती, तिच्यातूनच उमटावा तसा एक मऊ, लांबचा आवाज दुकानभर पसरला. जुलेखाला वाटलं, आपण कुठल्याशा समुद्राकाठी बसलो आहोत.

"त्या काळी अशीच वाजत असेल?" तिने हळूच विचारलं.

"ते सांगायला कोण उरलंय?" एलेनी मोडक्या हिंदीत म्हणाली आणि वाजवत राहिली.

आतला पडदा सरला. अब्बा दारात उभे होते, मान एका बाजूला कलती.

"पोरी, मधली तार जरा उतरलीय," म्हणत ते लेकीशेजारी येऊन बसले. "आण इकडे."