अकरावं झाड

कुदळीचा तिसरा घाव बसला आणि खड्ड्यातून असा भपकारा आला, की उद्यान निरीक्षकाने झटकन तोंड फिरवलं. साबणाचं पाणी, चहाचा चोथा, सलूनमधले केस, कुणीतरी ओतलेलं फिनेल. सगळं कुजून एकजीव झालं होतं आणि त्या रेंद्यात एक वाळकं झाड काठीसारखं उभं होतं. या रस्त्यावरचं मेलेलं दहावं.

"शी! माणसं म्हणायची का ही?" तो म्हणाला. "आपण झाड लावून द्यायचं आणि यांनी त्याची मोरी करायची."

 खोदणाऱ्या काकांनी नुसती कुदळ झटकली.

सकाळपासून निरीक्षकाच्या जिभेला उसंत नव्हती. फरशीवाल्याने बुंध्याला भिडवून सिमेंट थापलं होतं. सलूनवाल्याने खोडात खिळे ठोकून आरसा टांगला होता. समोरच्या बाई रोज पेलाभर पाणी शिंपडायच्या, तेही मातीचे ओठ ओले होतील एवढंच. झाडाला पाणी द्यावं ते आठवड्यातून दोनदा, पण पोटभर, खाली मुळापर्यंत उतरेल असं. हे तो सभांमधून सांगून सांगून थकला होता. प्रत्येक मेलेल्या झाडापुढे त्याने वहीत एकच कारण लिहिलं होतं : नागरिकांचा नालायकपणा. वरच्या साहेबांकडे पाठवताना तो त्याचं 'अनास्था' करणार होता.

नऊ झाडं बुंध्यातून कापून झाली होती. या दहाव्याच्या जागी विजेचा खांब यायचा होता, म्हणून हे तेवढं मुळासकट काढायचं होतं.

चार पावलांवर अकरावं झाड होतं. ते मात्र हिरवंगार, पहिल्या मजल्याच्या गॅलरीला टेकलेलं. आणि त्याच्याच सावलीत इस्त्रीवालीचं टेबल. ते बघून निरीक्षकाचं डोकं आणखी सणकलं. या बाईला तो ओळखत होता. चार वर्षांपूर्वी, झाडं लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी कुणीतरी कळवलं होतं, की एक बाई रोपं उपटतेय. तो स्वतः आला होता. हातात खुरपं, कोपरापर्यंत चिखल, अशी त्याने तिला रंगेहाथ पकडली होती. काहीतरी सांगत होती, पण चोराचं कोण ऐकतं? तिचं टेबल उचलून नेलं, ते महिनाभर दिलं नाही. एवढं होऊनही झाड जगलं, ते त्याच्या चिवटपणाने, असं निरीक्षकाचं मत होतं.

आज त्याने पुन्हा तिचं टेबल हलवायचा हुकूम आणला होता.

"ए बाई, आधी हा उकिरडा काढ," बुंध्याभोवतीच्या वाळक्या पाचोळ्याकडे बोट दाखवत तो म्हणाला. "मग टेबल. दुपारी गाडी येईल."

"उकिरडा नाही तो, साहेब. त्याच्याच पानांचं पांघरूण आहे. खाली बोट घालून बघा, माती ओली लागेल."

"मला शिकवतेस?"

मान खाली घालून ती शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत राहिली.

"साहेब," काकांनी हाक मारली. "जरा इकडे या."

काकांनी झाडाला हात घातला होता आणि ते हललेल्या दातासारखं अलगद वर आलं होतं. खाली रोपवाटिकेची काळी प्लास्टिकची पिशवी. चार वर्षांनीही जशीच्या तशी. आतल्या आत मुळं गोल गोल फिरून एकमेकांच्या गळ्यात अडकली होती. एकही बाहेर पडलं नव्हतं. काकांनी पिशवी दाबली, तसं सडक्या अंड्यासारख्या वासाचं काळं पाणी त्यांच्या पायावर सांडलं. निरीक्षक दोन पावलं मागे सरला.

"हा कुणाचा हलकटपणा?"

"आपलाच," काका शांतपणे म्हणाले. "दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोवाले यायचे होते. तुम्ही गाडीतूनच ओरडलात, पिशव्या सोडवत बसू नका, अंधार पडायच्या आत अकराही उभी दिसली पाहिजेत. म्हटलं, साहेबांचा शब्द."

निरीक्षकाला आठवलं. शब्द न् शब्द आठवला. तो वास आता दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय राहिली नव्हती.

त्याने कापलेल्या बुंध्यांच्या रांगेकडे पाहिलं. मग वर, हिरव्या फांद्यांकडे. मग तो टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"याला... याला पिशवी नव्हती?"

इस्त्रीवालीने इस्त्री उभी ठेवली. "होती की. सकाळी पाणी घातलं, तर मुरेचना. खुरप्याने उकरून बघितलं तेव्हा कळलं. म्हणून उपटलं, पिशवी फाडली, मुळं मोकळी केली आणि परत लावलं."

 आपण तिला 'अहो-जाहो' करतोय, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

"मग बाकीच्यांच्या का नाही काढल्यात तुम्ही?"

"काढणारच होते," ती म्हणाली. "दुसऱ्या खड्ड्याशी नुकती बसले होते, तेवढ्यात तुम्ही आलात."