हलणाऱ्या माना

फळ्यावरची सिद्धता तिसऱ्या ओळीतच तिच्या डोक्यावरून गेली होती. पण शेजारच्याने मान हलवली, पुढच्या दोघींनी हलवली, म्हणून तिनेही हलवली. इथे प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिला आलेला. ‘समजलं नाही’ म्हणायची कुणाची प्राज्ञा? आईने फोनवर “जमतंय ना गं?” विचारलं, तरी ती अशीच मान हलवायची, आईला दिसत नाही हे विसरून.

शेवटची ओळ लिहून सर वळले. “पटलं सगळ्यांना?”

माना हलल्या. तिची सगळ्यांत आधी.

“सुटलो बुवा!” सरांनी खडू तिच्यापुढे धरला. “ये, मलाही समजावून सांग. मी वर्षभर या तिसऱ्या ओळीपाशीच अडकलोय.”