म्हाताऱ्याला आंघोळ

“महिन्याला एक डबा, पाच वर्षं,” दारिन म्हणाली. “मग हा थर कुठून आला, काका?”

तिच्या तळहातावर बॉयलरच्या नळीवरून खरवडलेली पांढरी खपली होती, बोटभर जाड. थायलंडमधल्या पिचित गावच्या त्या भातगिरणीत भुशावर चालणारा हा एकच जुना बॉयलर. डब्यातलं औषध पाण्यात घातलं की क्षार सुटे राहतात, नळ्यांवर बसत नाहीत. तळाचा कॉक उघडला की गाळ निघून जातो. दारिन बँकॉकला हेच शिकून आली होती.

बॉयलर सांभाळणाऱ्या बुनरोतने खपली उलटीपालटी करून परत दिली.

“इथलं पाणी जड आहे, मालकीणबाई.”

“आणि तुमचा हात हलका.”

भुसा ओढणाऱ्या बाया हसल्या. डबे कुठे जातात याचे त्यांच्याकडे तीन हिशेब होते. तिन्हींत बुनरोतच्या भावाचं नवं छप्पर होतं.

दारिनच्या वडिलांना जाऊन शंभर दिवस झाले होते. औषधाचा एक महिना त्यांनी कधी चुकवला नाही. अशा नेमाच्या माणसाने विश्वास टाकला तो याच्यावर.

“उद्यापासून येऊ नका.”

एकसष्टाव्या वर्षी दुसऱ्या बॉयलरवर कोण घेणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने किल्ल्या ठेवल्या. रोजच्यासारखी बॉयलरवर टकटक केली, कान लावला.

“म्हाताऱ्याला आंघोळ घालू नका. सर्दी होईल.”

त्याची खोली उघडली, तर डबे छतापर्यंत रचलेले. एकाचंही सील फुटलेलं नव्हतं. चोर नव्हे, नुसता आळशी. दारिनला जरा बरं वाटलं. विकले असते तर निदान कुणाच्या कामी आले असते, असं बायांचं मत पडलं.

दारिनने स्वतः औषध घातलं, दुप्पट. कॉकमधून तीन आठवडे पांढरा गाळ गेला. एकविसाव्या दिवशी बॉयलर उघडला, तर नळ्या स्वच्छ. तिने वडिलांच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली, बॉयलरमध्ये पाणी भरून घेतलं.

सकाळी जाळ धरेना. भट्टीचं दार उघडलं, तर सगळ्याच नळ्यांतून पाणी ठिबकत होतं. टाक्यांमध्ये दोनशे पोती भात वाफेची वाट पाहत भिजत पडलेलं.

निरोप मिळताच बुनरोत आला. आज त्याने टकटक केली नाही.

“माहीत होतं, तर बोलला का नाहीत?”

“शपथ होती, पोरी. तुझे बाबा म्हणाले होते, ‘लोखंड संपलंय, बुनरोत. हा आता क्षारावरच उभा आहे. डबे मी आणतो, तपासणीवाल्याला दाखवायला. तू ओतू नकोस. पोरीचं शिक्षण तेवढं होऊ दे, मग तीच येऊन नीट करील.’”