कागदातली बाटली

चौथा पंपही मागे टाकून ताम खिएमनं आपली जुनी होंडा तरीच्या, म्हणजे नदीपार नेणाऱ्या बोटीच्या, रस्त्याला वळवली. घरापासून को चियेन नदीच्या धक्क्यापर्यंत अकरा किलोमीटर. वाटेत चार पंप, आणि शेवटी लाय या कॉफीवालीच्या टपरीपुढे विटेवर उभी केलेली पेट्रोलची एक बाटली. एक लिटर आणायला जाता-येता निम्मं लिटर जाळणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात हा एकटाच.

कारण तो कुणालाही सांगे, न विचारता. त्याच्या गाडीला शुद्ध लागायचं. साबुकंदाची दारू, ते इथेनॉल, घातलेलं पेट्रोल हिरवं, शुद्ध पिवळं. पिवळं चारही पंपांवर मिळे, पण ते म्हणे नावापुरतं. खरं शुद्ध फक्त लायकडे. एकदा भाच्यानं चुकून हिरवं भरलं, तर होंडा तीन दिवस झिंगलेली होती. वळणावर गाणं म्हणायची. दारूच्या दुकानापुढे आली की बसकण मारायची. चौथ्या दिवशी शुद्धीवर आली, तर लाजेनं तिचा हॉर्न वाजेना.

लाय बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायची. "उन्हानं उडतं हो, ताम दादा." ताम झाकण उघडून, डोळे मिटून वास घ्यायचा आणि "अस्सल!" म्हणून टाकीत ओतायचा. मग बर्फाची कॉफी, मग दुसरी कॉफी. दिवसाआड, तीन वर्षं. एकदा कागद चांगला वीतभर फाटला होता. ताम त्या वेळी नदीकडे बघत होता. नदी त्या दिवशी फारच सुंदर होती. लाय पैसे मात्र हिरव्याचेच घ्यायची. शुद्ध असून एवढं स्वस्त कसं, हे तामनं कधी विचारलं नाही.

आज त्यानं गाडी उभी केली, तोच तरीचा तिकीटवाला थिन खिडकीतून ओरडला, "या, या! आज तुझी इथली शेवटची फेरी की रे! रेडिओ ऐकलास ना? उद्यापासून देशभर शुद्ध बंद. सगळीकडे मिसळलेलंच. आता एवढ्या लांब झक मारायला कशाला येशील? घराशेजारी भर की."

जगात असा प्रश्न नव्हता ज्याला तामकडे उत्तर नसे. याच एकाला नव्हतं. सबंध अकरा किलोमीटर तो तेच शोधत आला होता.

बर्फ फोडणारी लाय थांबली. हात पुसून ती टपरीमागे गेली आणि बाटली घेऊन आली. कागद नव्हता. बाटली उन्हात केळीच्या कोवळ्या पानासारखी हिरवीगार झळकत होती.

"बघा, ताम दादा," ती म्हणाली. "तीन वर्षं हेच देतेय तुम्हाला. पिवळं एवढंसंही ठेवायला मला परवडलंच नाही कधी. उद्या कळणारच होतं. म्हटलं, आज माझ्याच हातून कळावं."

थिन तिकिटं टाकून खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आला. तरीसाठी थांबलेल्या दोन बायाही माना वळवून बघू लागल्या.

तामनं बाटली हातात घेतली. उन्हात धरली. एक डोळा मिटून बघितली, मग दुसरा मिटून बघितली. झाकण काढून वास घेतला, सावकाश, नेहमीपेक्षा दुप्पट वेळ.

"अस्सल," तो म्हणाला.

"अरे आंधळ्या, हिरवं आहे ते!" थिन किंचाळला.

"तुझ्या चष्म्याला शेवाळ आलंय, थिन. दिवसभर नदी बघतोस ना." तामनं शेवटच्या थेंबापर्यंत बाटली टाकीत उपडी केली आणि किक मारली. होंडा पहिल्याच किकला बोलू लागली. गाणं म्हणाली नाही. "ऐक! झिंगलेली गाडी अशी बोलते?"

लाय हसली नाही. त्याच्याकडेच बघत राहिली. "आणि उद्यापासून? उद्यापासून तर सगळीकडे एकच."

होंडा चालूच होती. तामनं ती बंद केली, स्टँडवर लावली आणि स्टूल ओढून बसला. उत्तर त्याला सापडलं होतं, आणि सापडलं तेव्हा इतकं सोपं होतं की अकरा किलोमीटर वाया गेल्याचा त्याला रागच आला.

"कोण म्हणतं एकच? मिसळायचं म्हणजे खेळ आहे का? इकडे दारू जास्त, तिकडे कमी. चारही पंपांचं मिश्रण मी ओळखून आहे. माझी गाडी तोंड लावायची नाही त्याला." त्यानं कॉफीसाठी हात पुढे केला. "नीट मिसळलेलं एकाच ठिकाणी मिळतं."

"कुठं?" थिननं विचारलं.

पलीकडून तरीचा भोंगा वाजला, बाया पुढे सरकल्या, आणि थिनला नाइलाजानं तिकिटांकडे वळावं लागलं.

लायनं कॉफीचा पेला तामपुढे ठेवला. मग कॅनमधून त्याला परवा द्यायची बाटली भरली आणि गुंडाळायला हाताशी होतं ते वर्तमानपत्र ओढलं. आजचंच होतं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत बातमी होती: शुद्ध पेट्रोल उद्यापासून बंद. ती अक्षरं आतल्या बाजूला जातील अशी तिनं घडी केली, आणि कागद बाटलीभोवती घट्ट गुंडाळला.