घोटभर पाणी

कोलशेतच्या कॉल सेंटरमध्ये माया ओव्हाळने सहा वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकल्या. यंदा फोन मशीनच घ्यायला लागलं आणि मायाच्या वाट्याला वेगळंच काम आलं. जुन्या-नव्या कॉलमधलं बोलणं टाइप होऊन स्क्रीनवर यायचं. ते वाचायचं आणि उत्तर देणारा माणूस आहे की मशीन, ते ओळखायचं. चुका वाढल्या तर हेही काम जाणार, म्हणून ती डोळ्यांत तेल घालून वाचायची. सकाळी भरून आणलेली बाटली संध्याकाळपर्यंत तशीच राहायची.

आज एका कॉलमध्ये फ्रिज बिघडलेले एक आजोबा मध्येच म्हणत होते, "पोरी, सकाळपासून बोलत असशील. घोटभर पाणी तरी प्यायलीस का?"

त्यावर उत्तर होतं, "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आणखी काही मदत करू का?"

मायाने बेधडक 'मशीन'वर टिक केली.

संध्याकाळी टीम लीडर सर्वेश तिच्या टेबलापाशी आला. "माया, एकच चुकलंय तुझं. तो फ्रिजवाला कॉल माणसाने घेतलेला."

"शक्यच नाही," माया उसळली. "अरे, म्हातारा माणूस पाणी प्यायलीस का विचारतोय आणि समोरून पोपटासारखं ठरलेलं वाक्य येतंय. आईच्या पोटी जन्मलेलं कुणी असं बोलेल का?"

सर्वेशने फक्त हातातला लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

 

कॉल दोन वर्षांपूर्वीचा होता आणि खाली तो घेणारीचं नाव होतं, माया ओव्हाळ.