सुभेदारांचा वाटा

तिरंग्यात गुंडाळलेला सुभेदार केरबा जगदाळ्यांचा देह अंगणात ठेवला होता. आमदार त्यांच्या शौर्यपदकाची कहाणी सांगत होते. सिदू साळोखे मागं उभा होता. त्या लढाईत जखमी केरबाला पाठीवर घालून त्यानंच आणलं होतं. पण त्याचं पाठीचं दुखणं सरकारनं लढाईतलं धरलं नाही. पेन्शनला लागणारी वर्षं भरायच्या आत त्याला घरी धाडलं. पुढं त्याला हृदयविकार जडला; पण पेन्शन नाही, म्हणून माजी सैनिकांच्या दवाखान्यात औषधही नाही.

"मला जास्तीच्या मिळतात रे," म्हणत केरबा दर महिन्याला त्याला हृदयाच्या गोळ्या आणून द्यायचा.

केरबाच्या बायकोनं, वैनींनी, सिदूला आत बोलावलं.

"भावजी, डॉक्टर म्हणाले, ह्यांनी कायम निम्म्याच गोळ्या घेतल्या, त्यानंच घात केला. बाकीच्या कुठं जात होत्या?"



"मला काय ठाऊक, वैनी?"

बाहेर ‘अमर रहे’चा गजर उठला. वैनींनी डोळे पुसून फळीवरची पाकिटं काढली.

"तुम्हालाबी हाच आजार न्हवं? घेऊन जा. आता इथं कोण खाणार?"

नाही म्हणायला सिदूनं तोंड उघडलं. छातीत कळ आली, तशी त्यानं ओंजळ पुढं केली.